मावशींच्या तिघी आणि आठ एकर गवत

मावशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्या अंगावर चालून येत होत्या, ताशी सहा किलोमीटर या भयानक वेगाने.

माझ्या लग्नाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. बायकोची मावशी म्हणजे माझी मावससासू. 'गवत कापायला आलंय' एवढा तीन शब्दांचा निरोप पाठवून त्यांनी आमचं लग्न चुकवलं होतं, म्हणून आम्हीच त्यांना भेटायला शेतावर गेलो. मी सावली बघून एका मोठ्या पत्र्याच्या शेडच्या दारात गाडी लावली, खाली उतरलो आणि आळस दिला. तो आळस पुरा व्हायच्या आत जमीन हादरू लागली. कुंपणावरचं मांजर जीव मुठीत घेऊन पळालं. झाडावरची झाडून सगळी पाखरं उडाली आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यातली निम्मी अजून परतलेली नाहीत. धुराचा एक काळा खांब माझ्या दिशेने सरकत होता. त्या खांबाखाली पुरुषभर उंचीची दोन चाकं होती, आणि चाकांच्या मधोमध, राणीने सिंहासनावर बसावं तशी, डोक्याला रुमाल आणि चष्म्याला दोरी बांधलेली एक किरकोळ बाई बसली होती. बाईंचं तोंड हलत होतं पण आवाज काही ऐकू येत नव्हता. माझ्या मागच्या सात पिढ्या डोळ्यांसमोरून गेल्या आणि पुढची एकही दिसेना. माझ्या पोटापासून वीतभर अंतरावर ते धूड थांबलं.

"जावईबापू, गाडी काढा," बाई म्हणाल्या. "हिला बंद केली की परत उठायला अर्धा तास घेते. मग नमस्कार-बिमस्कार बघू."

नमस्कार चहाच्या वेळी झाला. स्वयंपाकघरात लाकडी टेबल होतं, टेबलावर तेलकट कागदावर कसलेतरी लोखंडी दात मांडून ठेवले होते, आणि ते दात जरा बाजूला सारून तिथेच कपबशा मांडल्या गेल्या. सासरच्या माणसांशी बोलावं म्हणून मी घरात कोणकोण असतं अशी चौकशी केली. मावशींचा चेहरा उजळला.

"तिघी आहेत ना," त्या म्हणाल्या आणि सुरू झाल्या. थोरली नाजूक. जड काम सांगितलं की धापा टाकते, पण हात इतका हलका की ओळी घालाव्यात तर तिनेच. मधली शांत, पण तिच्या पाठीवर वजन टाकलं की थांब म्हटलं तरी पुढेच जाते. आणि धाकटी? धाकटीचं खाणं बघून डोळे फिरतील, सकाळी उठताना कुरकुर तर विचारू नका, पण एकदा उठली की दिवसभर दम लागत नाही, ओझं कितीही द्या.

मी गार पडलो. मावशींना एकुलता एक मुलगा आहे आणि त्याचं लग्न व्हायचंय, अशी माझी पक्की माहिती होती. पण दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीत आपण कशाला पडा? मी घसा साफ करून विचारलं, "तिघी एकत्रच राहतात?"

"एका छपराखाली. थोरलीच्या अंगावर थोडं गळतं."

"मग त्यांनाही बोलवा ना चहाला," मी म्हणालो, आणि माझ्या बायकोने तोंडातला चहा बशीत परत केला.

तर या तिघी म्हणजे मावशींचे तीन ट्रॅक्टर. ट्रॅक्टर हा शब्द पुल्लिंगी आहे हे मावशींना मान्य नव्हतं. त्यांनी मला शेडमध्ये नेलं. डावीकडे मघाचं ते लालसर रंगाचं डोंगराएवढं धूड. मध्ये एक बसकं, रुंद, म्हशीसारखं समंजस. उजवीकडे करड्या रंगाचं इतकं इवलंसं, की शिवणयंत्राला चाकं लावलीत असं वाटावं. मी मनातल्या मनात आकारानुसार थोरली, मधली, धाकटी अशी नावं वाटून टाकली. कुणाला विचारायची गरज वाटली नाही. शिकलेल्या माणसाला ती वाटत नाही. पुढची बारा वर्षं मी त्या चिमुकल्या करड्या ट्रॅक्टरकडे अपार आदराने पाहत आलो. एवढासा जीव, पण खातो किती आणि ओढतो किती, असं मी ऑफिसातही सांगत असे.

मावशींची शेती म्हणजे आठ एकर गवत, अकरा गायी आणि एक ओढा. काका लवकर गेले, तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. नवं काही घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून मावशींनी इतरांनी टाकून दिलेले ट्रॅक्टर गोळा केले. पण गोळा कोणीही करतो. मावशींनी त्यांचा स्वभाव वाचला. नवा ट्रॅक्टर सगळी कामं बरी करतो, त्या सांगत, आणि जुना एकच काम करतो पण ते असं करतो की बघत राहावं. ते एक काम कुठलं, हे ओळखणं आपलं काम. याला त्या 'जोडी जमवणं' म्हणत. कुठल्या ट्रॅक्टरमागे कुठलं अवजार लावायचं, हे त्यांनी एखाद्या मुरलेल्या मध्यस्थाच्या कसोशीने ठरवलं होतं आणि त्यात बदल चालत नसे.

बसकी गवत कापायची, कारण ती उतारावर कलंडत नाही. तिच्या बगलेला कात्रीसारखे सरकते दात असलेली पट्टी होती, जेमतेम माणसाच्या उंचीची, हलकी. क्लच दाबला की पट्टी जागच्या जागी थांबायची. हिच्याच मागे कोणी जड फिरतं यंत्र लावलं असतं तर क्लच दाबल्यावरही त्या यंत्राच्या घुमण्याने ट्रॅक्टरलाच पुढे ढकललं असतं, थेट ओढ्यात. शेजारच्या दूधवाल्याने हा प्रयोग केला होता. त्याला बाहेर काढल्यावर तो मावशींकडे सल्ल्याला आला, कुठला जुना ट्रॅक्टर घेऊ म्हणून. मावशींनी त्याला तीनच प्रश्न विचारले: फाटक किती रुंद, उतार किती, आणि तुम्हाला राग लवकर येतो का. तिसऱ्याचं उत्तर त्याच्या बायकोने दिलं. तेव्हापासून आसपासची माणसं काहीही विकत घेण्याआधी मावशींच्या टेबलाशी येऊन बसू लागली. त्यांना एकदा कोणीतरी 'ट्रॅक्टरची डॉक्टरीण' म्हटलं, तर मावशी रागावल्या. डॉक्टर बिघडल्यावर येतो, म्हणाल्या, मी बिघडू देत नाही.

हे सगळं ज्याच्या डोळ्यांत खुपत होतं तो म्हणजे त्यांचा मुलगा. त्याला मी चिरंजीव म्हणतो, कारण मावशी त्याच्याविषयी बोलताना तोच शब्द वापरत, पण त्यात आशीर्वाद कमी आणि तक्रार जास्त असे. चिरंजीव शहरात यंत्रांचे इंजिनियर. माणूस सरळ, मायाळू आणि चाळिशीतच पन्नाशीची काळजी करणारा. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा मावशी एका ट्रॅक्टरवरून उतरताना पाय सटकून पडल्या आणि त्यांचं मनगट मुरगळलं. ते मनगट महिन्याभरात बरं झालं, चिरंजीवांचं मन झालं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी नव्या ट्रॅक्टरचं रंगीत माहितीपत्रक आणलं. बंद केबिन, थंड हवा, रेडिओ. हा एकटा तिघींची कामं करेल, चालवायला माणूस ठेवू, तिघी भंगारात देऊ, आणि आई, तू आता आराम कर.

मावशींनी ते पत्रक नीट वाचलं. मग म्हणाल्या, "यंत्र चांगलं आहे. पण ते तू गवत आत आणायला नाही आणत आहेस, मला खुर्चीत बसवायला आणतोयस."

बराच वेळ वाद झाला, तो सगळा इथे देत नाही. शेवटी ठरलं असं की या वर्षीचं गवत मावशींनी त्यांच्या तिघींकडून, त्यांच्या पद्धतीने, पाऊस लागू न देता आत आणून दाखवावं. सगळंच्या सगळं आलं तर तिघी राहतील. नाही आलं तर नवा येईल आणि मावशी घरात बसतील. पंच चिरंजीव स्वतः, आणि मनुष्यबळ म्हणून मी आणि माझी बायको. माझी निवड का झाली हे कोडं आहे. बायको म्हणते, दुसरं कोणी रिकामं नव्हतं.

रेडिओने चार दिवस कोरडे सांगितले आणि पहिल्या दिवशी सकाळी दव उडाल्याबरोबर मावशी मधलीवर चढल्या. मी त्यांना आजवर शेडपाशी आणि स्वयंपाकघरात पाहिलं होतं, गवतात कामावर पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, सदुसष्ट वर्षांची ती बाई उतारावरून आडवी जात होती आणि मागे गवत असं झोपत होतं, जणू त्याला कोणी प्रेमाने 'पड आता जरा' म्हटलंय. एक पट्टा वेडावाकडा नाही. वळणावर एक काडी उभी राहिली नाही. कुंपणाच्या कडेला बसून बघणारे चिरंजीव अधूनमधून हातातल्या वहीवर पेन टेकवत होते. मी वाकून पाहिलं तर त्यांनी पान कोरंच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही लांब काट्यांनी गवत उलटंपालटं केलं. म्हणजे त्या तिघांनी केलं, मी काट्याला टेकून उभं राहण्याची एक नवी पद्धत शोधली. मावशी दर तासाला मूठभर गवत उचलून पिळत आणि कानाशी धरत. अजून कुजबुजतंय, म्हणत. कडकड बोललं की समजायचं झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते कडकड बोललं. त्या वेळी मी गोठ्यात शेण काढत होतो, त्यामुळे पुढची जी मोठी कामगिरी झाली ती मला नंतर सांगण्यात आली. ओढ्याकाठचा खालचा तुकडा नेहमी ओलसर असतो. पाय ठेवला तर पाणी वर येतं. तिथे मावशींनी चिरंजीवांनाच ट्रॅक्टरवर बसवलं, मागे चाकांवर फिरणारं दाताळं लावलं, आणि तिथलं सगळं गवत थोडंथोडं सरकवत, ओळीमागून ओळ, वरच्या टणक कडेला आणायला सांगितलं. चिरंजीवांनी ते केलं, ट्रॅक्टर अंगणात आणून ठेवला आणि गठ्ठे बांधायची दोरी संपत आली होती ती आणायला ते बाजारात गेले.

दुपारी एक वाजता रेडिओने शब्द फिरवला. पाऊस उद्या रात्री येणार होता, तो आजच संध्याकाळी येणार म्हणे.

मावशी आणि माझी बायको वरच्या उतारावर होत्या. मी अंगणात एकटा. मावशींचा फोन आला. आवाज शांत, पण शब्द मोजके. "जावईबापू, बेलर धाकटीला जोडा आणि खाली कडेला आणून उभा करा. मी येतेच."

बेलर म्हणजे गवत गिळून त्याचे चौकोनी गठ्ठे बांधून मागून टाकणारं यंत्र. त्याच्या पोटात एक लोखंडी ठोकळा सतत पुढे-मागे आदळत असतो. दोन दिवसांत मला ट्रॅक्टर जोडायला शिकवलेलं होतं, त्यामुळे छाती फुगवून मी अंगणात उभ्या असलेल्या धाकटीला बेलर जोडला. म्हणजे करड्या शिवणयंत्राला. मनात एकच विचार होता: आज या चिमुरडीचा पराक्रम प्रत्यक्ष बघायला मिळणार.

आणि 'उभा करा' एवढंच सांगितलेलं असताना, वेळ वाचवावा म्हणून, मी खाली जाऊन गठ्ठे बांधायला सुरुवातही केली.

पहिल्या दहा पावलांत मला कळलं की काहीतरी चुकतंय. बेलरच्या पोटातला ठोकळा आदळला की ट्रॅक्टर पुढे जाई, परत फिरला की मागे येई. मी पाळण्यात बसलो होतो आणि पाळणा कोणीतरी रागाने हलवत होतं. समोर गवताचा ढीग मोठा आला, तेव्हा जरा थांबावं, बेलरला तोंडातला घास गिळू द्यावा, म्हणून मी क्लच दाबला. चाकं थांबली. पण त्या ट्रॅक्टरला एकच क्लच. चाकांबरोबर बेलरही तोंडात घास धरून थांबला. मी क्लच सोडला. भरल्या तोंडाने बेलरने जोर केला, खट्ट आवाज झाला, आणि मग फारच शांत झालं.

मावशी उतारावरून खाली आल्या. त्यांनी आधी बेलर पाहिला, मग ट्रॅक्टर, मग मला.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"धाकटी," मी म्हणालो.

मावशी बेलरकडे वळल्या. बायको बोलली. तिने बारा वर्षांच्या संसाराचा सगळा अनुभव पणाला लावून मला सांगितलं, की सुनांमध्ये थोरली-धाकटी अंगापिंडावरून ठरत नाही, घरात आधी कोण आली यावरून ठरते. ही करडी घरात पहिली आलेली, म्हणून थोरली. ते लाल धूड सगळ्यांत शेवटी आलं, म्हणून वयाने आणि वजनाने सगळ्यांची आजी असूनही ती धाकटी. एवढं साधं कळू नये? तीन सुना असलेल्या घरात तुम्ही कधी गेला नाहीत का?

तेवढ्यात दोरी घेऊन चिरंजीव आले. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण डोळ्यांत काळजी होती. नव्या ट्रॅक्टरचं हेच बरं, ते म्हणाले, तो एकटाच असतो, कोणाचं नाव कोणाला लागत नाही. आभाळाच्या कडेला निळसर काळी रेघ उमटली होती.

मावशींनी कमरेच्या पिशवीतून एक चपटी डबी काढली. बेलरमध्ये एक बोल्ट मुद्दाम कच्चा असतो. यंत्र गुदमरलं की तो तुटतो आणि बाकीचं वाचतं. त्या डबीत तसले बोल्ट होते. मावशी आडव्या झाल्या, त्यांनी कोपरापर्यंत हात घालून बेलरच्या घशातलं गवत उपसलं, आणि चाळीस मिनिटांत नवा बोल्ट बसवून उठल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग लाल धूड आलं. शेडच्या बाहेर पडताना त्याने जो धूर सोडला त्याने पावसाचा ढगही क्षणभर बिचकला असावा. आणि त्यानंतर मी जे पाहिलं ते सांगताना आजही माझी मान ताठ होते, जरी त्यात माझा वाटा फक्त अडथळ्याचा असला तरी. ठोकळा आदळत होता आणि धाकटी त्याला दाद देत नव्हती. ढीग आला की मावशी हाताशी असलेला दांडा ओढत. चाकं थांबत, पण बेलर फिरत राही, घास गिळी, आणि मग त्या पुढे निघत. एवढं अवजड यंत्र, पण त्याची चाल जेवायला वाढणाऱ्या बाईसारखी होती: थांब, बघ, पुढे. खालच्या ओल्या तुकड्यात धाकटीने एक चाक घातलं नाही, कारण तिथलं गवत सकाळीच कडेला येऊन तिची वाट बघत होतं. मागून चिरंजीव मधलीला गाडा लावून गठ्ठे भरत होते, माझी बायको रचत होती, आणि मला फक्त उचलायचं काम दिलं होतं, कारण त्यात नावं नसतात.

साडेपाचला पहिला थेंब पडला. त्या वेळी शेवटचा गाडा शेडच्या दारात होता. तीनशे ब्याण्णव गठ्ठे आत, आणि चौदा खालच्या कडेला, बाहेर. मग पाऊस असा कोसळला की ते चौदा दिसेनासे झाले.

आम्ही शेडमध्ये उभे होतो. गवताचा उबदार, गोडसर वास भरला होता. मावशींनी रुमाल सोडला, चष्मा पुसला.

"सगळं म्हणालो होतो आपण," त्या म्हणाल्या. "चौदा राहिले. बोलले ते बोलले. पत्रक कुठे ठेवलंयस?"

चिरंजीव पावसात निघून गेले. मला वाटलं, ते गठ्ठे आणायला गेले. पंधरा मिनिटांनी परत आले तेव्हा हात रिकामे आणि पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. ते ओढ्याकाठच्या तुकड्यात जाऊन आले होते.

"आई," ते म्हणाले, "खाली एकही चाकोरी उमटलेली नाही. मी स्वतः सकाळी थोरलीवरून तिथे फिरलो आणि माझी खूण नाही. नवा तिथे गेला असता तर पोटापर्यंत रुतला असता."

मावशींनी विचार केला. खोटं कौतुक त्या स्वीकारणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण खरं सोडणाऱ्यांतल्याही नव्हत्या.

"रुतला असता तर काय," त्या म्हणाल्या, "धाकटीनं ओढून काढला असता."

चिरंजीव हसले. पाठीमागून वाकून त्यांनी आईच्या केसांतली गवताची काडी काढली, आणि पंचाच्या आवाजात निकाल दिला, "ते चौदा भावोजींचे. ते धरायचे नाहीत."

त्या संध्याकाळी मावशींनी टेबलावरचे लोखंडी दात स्वतः आवरले आणि कोणाला हात लावू दिला नाही. त्यांची पाठ इतकी ताठ होती की मला त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसायची लाज वाटली. आतापर्यंत मी पुष्कळ माणसं पाहिली. मोठमोठ्या हुद्द्यांची, मोठमोठ्या टेबलांमागची. कुणाकडून काय काम घ्यावं आणि काय घेऊ नये हे इतकं अचूक ओळखणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्या साहेबांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी मला जड फायलींवरून काढून टपालावर बसवलं. तिथे मी अजून आहे आणि बरा चाललोय.

तिघी राहिल्या. त्यानंतर तीन वर्षं गवत त्यांनीच आणलं, आणि एकदाही भिजलं नाही.

चौथ्या वर्षी मावशींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उंच चढायला मनाई केली. चिरंजीवांनी नवा ट्रॅक्टर घेतला. त्याला तीन पायऱ्या आणि धरायला कठडा आहे. मावशी आता तोच चालवतात. सीट बरी आहे म्हणतात.